माळढोकाची काळी पाठ

माग थांबला, कापडाची शेवटची वीत रुळावरून पुढे सरकली आणि जमलेल्या चाळीसएक माणसांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या टाळ्या फार वेळ टिकल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्यांचे हात आधी थांबले, मग मागच्यांचे.

कापडावर माळढोक विणलेला होता. माळढोक म्हणजे सोलापूरजवळच्या गवताळ माळावर पूर्वी सहज दिसणारा, माणसाच्या कमरेएवढा उंच पक्षी. त्याची पाठ वाळूच्या रंगाची असते आणि तिच्यावर बारीक ठिपके असतात. या कापडावरच्या माळढोकाची पाठ मात्र काळीकुट्ट होती. त्या काळ्यातून पांढऱ्या रुंद लाटा तिरप्या धावत होत्या, जणू पक्ष्याच्या अंगावरून पाणी ओघळते आहे. चोच मध्येच तुटली होती. पाय तर गवतापर्यंत पोचलेच नव्हते.

तेरा वर्षांची हारिका चिप्पा पहिल्या रांगेत आजोबांचा हात धरून उभी होती. घरात तेलुगू बोलत असल्यामुळे ती त्यांना ताता म्हणे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या विणकरांमध्ये यादगिरी चिप्पा हे नाव सगळ्यांना ठाऊक होते. एका कापड कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षे जॅकार्डचे (नक्षीप्रमाणे हवा तो धागा वर उचलणाऱ्या यंत्राचे) ग्राफ काढले होते. चादरीवर जी फुले दिसत, ती आधी तातांच्या चौकोनी कागदावर एकेक चौकोन भरून उमलत. वस्त्रसंग्रहालयात दर महिन्याला एका जुन्या कलाकाराची नक्षी विणली जाई. या महिन्यात तातांची पाळी होती आणि त्यांनी माळढोक मागितला होता. तो ग्राफ पूर्ण झाला त्याच वर्षी कारखाना बंद पडला, त्यामुळे माळढोक कधी कापडावर आलाच नव्हता.

तातांना आता समोरचे नीट दिसत नसे. डोळ्यांच्या कडेने दिसे, पण मधोमध कायम धुके. म्हणून ते मागाजवळ गेले आणि कापडावरून बोटे फिरवू लागले. मान सापडली. डोके सापडले. मग बोटे थबकली.

"चोच कुठं आहे?" त्यांनी हळूच विचारले.

त्यांची बोटे पाठीवर आली.

"इथं गुळगुळीत लागतंय. मी तर एक सोडून एक चौकोन भरला होता. हाताला रव्यासारखं लागायला हवं."

माग चालवणारा यंत्रमानव शेजारीच उभा होता. बुटका, गोल, चार लांब हातांचा. सुताच्या कांडीसारखा स्वतःभोवती फिरतो म्हणून सगळे त्याला कांडी म्हणत. तो म्हणाला, "मास्तर, माग तपासला. धागे तपासले. एकही तुटलेला नाही. जे चित्र मिळालं तेच मी विणलं आहे."

ताता लोकांकडे वळून म्हणाले, "मग ग्राफच चुकला असणार. डोळे तेव्हापासूनच बिघडत आले असतील, मला कळलं नाही. तुम्ही सगळे उन्हातून आलात. माफ करा."

हारिकाने खिशातून फोन काढून पाहिला. तिच्या ॲपमध्ये माळढोक अंगठ्याएवढा दिसत होता आणि चांगला टोकदार, स्वच्छ दिसत होता. माग बरोबर, धागे बरोबर, चित्रही छान. मग चूक झाली कुठे? तिला अंदाज आला आणि तिने फोन घाईने खिशात सारला. तातांचा हात धरून ती घरी आली. वाटेत ताता एकदाच बोलले, "इतकी वर्षं मी तो ग्राफ बरोबर आहे असं समजत होतो."

गोष्ट सुरू झाली होती उन्हाळ्याच्या सुट्टीत. तातांच्या पत्र्याच्या पेटीत तीनशे बारा ग्राफ होते. प्रत्येक कागद दाराच्या झडपेएवढा, आडवे नऊशे साठ चौकोन आणि उभे बाराशे ऐंशी. पेटीला वाळवी लागली होती. वाळवीचा कागद संग्रहालय आत घेत नाही, आणि हारिकाच्या आईला, अम्माला, भीती होती की उद्या ती कपाटाला लागेल. तेव्हा हारिकाने शाळेतून फोटो काढण्याची चौकट आणली आणि वीस दिवस खपून एकेका कागदाचा फोटो काढला. ताता कागद सपाट धरत आणि त्याचे नाव सांगत. "ही जाईची किनार. ही हुतात्मा बागेतली कारंजी. हा माळढोक, हा जरा जपून." फोटो इतके मोठे होते की ग्राफचा एकेक चौकोन दहा आडव्या आणि दहा उभ्या पिक्सेलनी (चित्र ज्या बारीक रंगीत ठिपक्यांनी बनते, त्या ठिपक्यांनी) भरलेला होता. पेन्सिलीची रेघसुद्धा दिसे.

शेवटच्या दिवशी तातांनी विचारले, "सगळं आलं ना गं यात?"

"सगळं आलं, ताता."

त्या तिच्या शब्दावर कागद रद्दीचा लगदा करणाऱ्या केंद्रात गेले. गाडी वळणाआड जाईपर्यंत ताता दारात उभे होते.

मग हारिकाने ॲप लिहिले आणि त्याला 'नक्षीपेटी' नाव दिले. पण इतके अजस्र फोटो उघडताना फोन गरम होई आणि अडकून बसे. शाळेच्या विज्ञानमेळ्याला चार दिवस उरले होते. संगणकाशी आता मराठीतूनच बोलता येत असे, त्यामुळे तिला फार शोधावे लागले नाही. तिने एक ओळ लिहिली: प्रत्येक चित्राची रुंदी चारशे ऐंशी पिक्सेल कर. संगणकाने विचारले, पद्धत कोणती, जलद की नितळ? तिने 'जलद' निवडले. संगणकाने पुन्हा विचारले, नव्या नावाने ठेवू की त्याच नावाने? तिने 'त्याच' निवडले. दोन मिनिटांत तीनशे बारा चित्रे लहान झाली. ॲप वाऱ्यासारखे पळू लागले. मेळ्यात दुसरे बक्षीस मिळाले.

हे सगळे तिला आता एकेक करून आठवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता संग्रहालयात गेली. कांडी मागाला तेल देत होता.

"कांडी, मी पाठवलेलं चित्र किती मोठं होतं?"

"रुंदी चारशे ऐंशी पिक्सेल."

"आणि माग?"

"मागाला नक्षीसाठी नऊशे साठ धागे आहेत. चित्र निम्मंच होतं, म्हणून मी प्रत्येक पिक्सेल दोनदा विणला."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारायला मला शिकवलेलं नाही," कांडी म्हणाला. "आज विचार करतो तर वाटतं, विचारायला हवं होतं."

हारिकाने त्याला 'जलद' म्हणजे नक्की काय, ते विचारले. कांडीने भिंतीवर प्रकाशाचा एक ग्राफ उमटवला. त्यातली एक ओळ मोठी केली: भरलेला चौकोन, रिकामा, भरलेला, रिकामा.

"ही माळढोकाची पाठ," तो म्हणाला. "मास्तरांनी अशीच काढली असणार. काळा आणि पांढरा एकाआड एक. लांबून बघणाऱ्याला त्यांची मिसळ दिसते आणि पाठ वाळूच्या रंगाची वाटते. आता तुझा फोटो नऊ हजार सहाशे पिक्सेल रुंद होता. तो चारशे ऐंशी करायचा, म्हणजे विसातला एक. जलद पद्धत काय करते? दर विसावा पिक्सेल उचलते आणि मधले एकोणीस टाकून देते. ते काळे होते की पांढरे, बघतसुद्धा नाही."

"वीस पिक्सेल म्हणजे दोन चौकोन," हारिका पुटपुटली. "एक भरलेला, एक रिकामा."

"आणि तुझ्या वाट्याला कोणता आला?"

तिने भिंतीवरचे चौकोन बोटाने मोजले. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. सगळे भरलेले. "काळा. दर वेळी काळाच. म्हणून पाठ काळी झाली!" मग ती थांबली. "पण त्या पांढऱ्या लाटा?"

"फोटो काढताना कागद केसभर तिरका असेल. मग पुढे गेल्यावर मोजणी घसरते आणि काळ्याऐवजी पांढरा चौकोन हाताला लागतो. आणखी पुढे पुन्हा काळा. असे पट्टे तयार होतात. ग्राफमध्ये लाटा कधी नव्हत्याच. त्या खोट्या लाटा आहेत. जिथं बारीक नक्षी असते आणि आपण ठरावीक अंतर सोडून बघतो, तिथं त्या उगवतात."

"आणि चोच?"

"चोचीचं टोक एका चौकोनाएवढं बारीक असेल. टाकलेल्यांत गेलं."

"पण फोनवर तर चित्र किती टोकदार दिसत होतं!"

"टोकदार दिसणारच. जलद पद्धत रंग मिसळत नाही, त्यामुळे कडा ठसठशीत राहतात. पण ठसठशीत म्हणजे खरं, असं नाही. तू आडवे वीस आणि उभे वीस, म्हणजे चारशे पिक्सेलमधला एक ठेवलास. तीनशे नव्याण्णव गेले."

हारिका मागाच्या बाकावर बसली. "मला ते परत हवेत. चित्र पुन्हा मोठं करता येईल ना?"

"मोठं करता येईल. पण एका पिक्सेलवरून गेलेल्या तीनशे नव्याण्णवांचे रंग मला कळणार कसे? तोच रंग पसरवला तर चौकोनी ठोकळे दिसतील. शेजाऱ्यांचे रंग मिसळत नेले तर चित्र धुरकट होईल. गेलेलं काही परत येणार नाही. मूळ फोटो कुठं आहेत?"

"त्याच नावानं साठवले."

"घरच्या साठ्यात?"

फोनमधले सगळे काही त्यांच्या घरच्या साठ्यात आपोआप जाई. पण साठा कर्तव्यदक्ष होता. फोनमधले चित्र बदलले की तो जुने काढून नवे ठेवी. जुनी प्रत तीस दिवस राही. मेळा होऊन दोन महिने झाले होते.

कांडीने तिच्याकडे पाहिले. यंत्रमानवाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, पण त्याने तेलाची बाटली खाली ठेवली. "एक उपाय आहे. तो उपाय आहे की नाही, ते मात्र तू ठरव. संग्रहालयाकडे अंदाजक आहे (हजारो चित्रे पाहून, हरवलेला भाग कसा असेल याचा तर्क करणारा संगणक). तो बारीक तपशील भरून देईल."

अंदाजकाला चार सेकंद लागले. भिंतीवर माळढोक उभा राहिला आणि हारिका बाकावरून उठली. पाठीवर वाळूचे कण दिसत होते, चोच अणकुचीदार होती, पाय गवतात रुतले होते. पंखांतले एकेक पीस मोजून घ्यावे.

"हा विणू?" कांडीने विचारले.

तिने मान डोलावली. तोंडाने हो म्हटले नाही, पण मान डोलावली. मग फोनमध्ये ते चित्र घेऊन ती घरी निघाली. वाटभर ती काय बोलायचे त्याची उजळणी करत होती. ताता खूश होतील. लोकांना पुन्हा बोलावता येईल. ग्राफ चुकला नव्हता हे सगळ्यांना कळेल. आपण काय केले ते कुणाला सांगायची गरजच पडणार नाही.

ताता ओट्यावर बसले होते. त्यांच्या पुढ्यात कोरा ग्राफ कागद होता आणि हातात पेन्सिल. बोटांनी चाचपून ते चौकोन मोजत होते आणि पुन्हा पुन्हा चुकत होते.

"ताता," ती म्हणाली, "मूळ चित्र सापडलं. संगणकात काहीतरी गडबड झाली होती. ग्राफ बरोबरच होता तुमचा."

तातांचा चेहरा उजळला. "खरं की काय! कुठं आहे? माझ्यानं काही दिसायचं नाही. तूच बघून सांग. चोच?"

"आहे."

"पाठीवर एक सोडून एक?"

"हो."

"आता डाव्या पंखाकडं बघ. खालून तिसरं पीस आहे का?"

हारिकाने चित्र मोठे केले. पंख भरगच्च होता. "आहे की. एकदम सुंदर आहे."

तातांनी पेन्सिल हळूच कागदावर ठेवली.

"मग तो माझा नाही, बाळा," ते म्हणाले. "मी अठरा वर्षांचा होतो. नान्नजच्या माळावर उजाडल्यापासून गवतात पालथा पडून होतो, तेव्हा तो दिसला. त्याचं तिसरं पीस तुटलेलं होतं. कुठं अडकलं असेल, कुणाला ठाऊक. बाकीचे माळढोक असतील धड. माझा तसा होता. तिथं मी सात चौकोन रिकामे सोडले होते."

हारिकाने फोन पालथा ठेवला. मग तिने सगळे सांगितले. चारशे ऐंशी, जलद, त्याच नावाने, दोन महिने, अंदाजक. मध्येच रडू आले तरी थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा काहीतरी लपवावेसे वाटले असते. "आणि काल तुम्ही सगळ्यांची माफी मागितलीत," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा मला अंदाज आला होता. तरी मी गप्प राहिले."

तातांनी तोंड रस्त्याकडे वळवले.

"फक्त माळढोकच?"

"नाही. सगळे."

"तीनशे बारा?"

"तीनशे बारा."

त्यांनी मान डोलावली, जणू कुणी लांबच्या गावची बातमी सांगितली होती. मग म्हणाले, "अम्माला म्हणावं, आज मला जेवण थोडंच वाढ." आणि आत गेले.

चार दिवस ताता तिच्याशी कमी बोलले. रागावले नव्हते. हारिकाला ते रागावले असते तर बरे वाटले असते. त्या दिवसांत त्यांनी एकदा आठवणीतून माळढोक सांगायचा प्रयत्न केला. कारखान्यात ग्राफ असाच मोठ्याने वाचत आणि दुसरा माणूस त्याप्रमाणे जॅकार्डच्या पुठ्ठ्याला भोके पाडी. "तीन भर, एक सोड, दोन भर," असे ताता म्हणत आणि हारिका चौकोन भरी. खालून सुरुवात केली होती. अडतीस ओळींपर्यंत गवत आले, गवतात एक पाऊल आले. एकोणचाळिसाव्या ओळीला ताता थांबले. पुन्हा मागे गेले, पुन्हा थांबले.

"पुढचं आठवत नाही," ते म्हणाले. "कागदावर होतं ना, म्हणून डोक्यात ठेवलं नाही."

पाचव्या दिवशी ते आपणहून तिच्या खोलीच्या दाराशी आले.

"तुझ्या त्या संगणकाला लहान कर म्हणून सांगताना तू काय सांगितलंस, ते मला पुन्हा सांग."

तिने सांगितले. ताता खाटेवर टेकले.

"मी शिकाऊ होतो तेव्हा असंच केलं होतं," ते म्हणाले. "चादरीवरचं कमळ नॅपकिनवर घ्यायचं होतं. निम्म्या मापात. मी एकाआड एक रेघ गाळली, झालं काम! कमळाचा देठच गायब. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, ज्या चौकोनांना हाकललंस त्यांना विचारलं होतंस का? मग त्यांनी शिकवलं. चार चौकोनांचा एक करायचा ना, मग चौघांकडं बघ. चारही भरलेले, तर भर. तीन भरलेले, तरी भर. दोनच असतील तर आजूबाजूला बघ, रेघ कुठून कुठं चालली आहे. देठ असेल तर तो तुटू देऊ नकोस. सावली असेल तर जितकी दाट होती तितकीच दाट राहू दे."

"म्हणजे सरासरी!" हारिका उठून बसली. "नितळ पद्धत तेच करते, ताता. चारशे पिक्सेलचा एक करताना चारशेच्या चारशे बघते आणि त्यांच्या रंगांची सरासरी काढते. निम्मे काळे, निम्मे पांढरे असतील तर करडा येतो. पाठ काळी झाली नसती. लाटा आल्या नसत्या."

"पण करडा चौकोन बघून मला सांगता येईल का, कुठला भरलेला होता नि कुठला रिकामा?"

हारिकाने विचार केला. "नाही येणार."

"सात रिकामे चौकोन दिसले असते?"

"धूसर दिसले असते. मोजता आले नसते."

"मग नुसतं नीट लहान करणं पुरत नाही की," ताता म्हणाले. "नॅपकिन झाला म्हणून आम्ही चादरीचा ग्राफ फाडून टाकत नव्हतो. पुढच्या वर्षी टॉवेल करायचा तर पुन्हा चादरीच्याच ग्राफवरून करायचा. नॅपकिनवरून टॉवेल केला तर मास्तर लगेच ओळखायचे."

त्या संध्याकाळी हारिका आणि कांडी यांनी मिळून नक्षीपेटी पहिल्यापासून लिहायला घेतली. आधी हारिकाला प्रश्न पडला होता: मूळ चित्र ठेवले तर फोन पुन्हा अडकणार नाही का? कांडीने तिला वेगळाच प्रश्न विचारला, "फोनच्या पडद्यावर एका वेळी किती ठिपके मावतात?"

"रुंदीत बाराशे."

"मग नऊ हजार सहाशे पिक्सेल एकदम आणून तो करणार काय? यादीत अंगठ्याएवढं चित्र दाखवायचं तर दोनशे पिक्सेलची प्रत पुरे. पडदाभर दाखवायचं तर बाराशेची. पडद्यावरच्या एका ठिपक्याला चित्रातला एक पिक्सेल मिळाला की चित्र स्वच्छ दिसतं. कमी मिळाले तर ताणून धुरकट होतं, जास्त दिले तर फोन उगाच दमतो."

"आणि कुणी बोटांनी मोठं करून बघितलं तर?"

"तर मूळ चित्राचा जेवढा तुकडा पडद्यावर दिसतो आहे, तेवढाच आणायचा. मोठी चादर आपण पूर्ण उलगडत नाही. बघायची असते ती घडी उघडतो."

मग तिने लिहिले. प्रत्येक प्रत मुळापासून बनेल, प्रतीवरून प्रत बनणार नाही. सरासरी सगळ्या पिक्सेलची निघेल. लांबी-रुंदीचे प्रमाण बदलणार नाही, नाहीतर पक्षी फुगतो किंवा वाळतो. लहान केल्यावर कडा थोड्या मऊ पडतात, त्या हलक्या हाताने उठवायच्या, पण नसलेली रेघ काढायची नाही. आणि मूळ चित्राला कुलूप: ते वाचता येईल, त्याच्यावर काहीही लिहिता येणार नाही, तिलासुद्धा नाही. कांडीनेही स्वतःत एक सूचना घालून घेतली, की चित्र मागापेक्षा लहान असेल तर विणण्याआधी विचारायचे.

ॲप पूर्वीपेक्षाही सुरेख चालू लागले. पण ते उघडले की त्यात काहीच नव्हते. तीनशे बारा लहान चित्रे हारिकाने एका वेगळ्या कप्प्यात ठेवली होती. 'अपुरी' असे तिने त्या कप्प्याचे नाव ठेवले. ती पुसून टाकावी असे तिला कधी वाटले नाही, आणि उघडून पाहावी असेही फारसे वाटले नाही.

मग ताताच एके दिवशी म्हणाले, "पेटी काही माझ्या एकट्याच्याच घरात नव्हती."

ते खरे होते. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत अजून अशा पेट्या होत्या. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात हारिकाने फोटोची चौकट लावली आणि रविवारी सकाळी लोकांना बोलावले. कागद फेकू नका, वाळवी लागली असली तरी फेकू नका, असे तिने पत्रकात दोनदा लिहिले होते. पहिल्या रविवारी एकच बाई आली. मल्लेशम गुंडेटी नावाच्या विणकराची ती मुलगी. कारखान्यात मल्लेशम तातांच्या शेजारच्या मेजाशी बसून ग्राफ काढत. ते जाऊन बारा वर्षे झाली होती. बाईने साडीत गुंडाळलेली एक सुरळी आणली होती, कोयरीच्या किनारीची.

कांडीच्या चार हातांनी कागद सपाट धरला. हारिकाने फोटो काढला. मग तिने तो पडद्यावर उघडला आणि बोटांनी मोठा करत गेली. आधी किनार दिसली, मग एक कोयरी, मग कोयरीचे टोक, मग एकेक चौकोन. ताता शेजारी खुर्चीवर बसले होते.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारले.

"कोयरीचं टोक. पण इथं एका चौकोनात काहीतरी गंमत आहे. भरलेला आहे, मग खोडलाय, आणि परत भरलाय. दोनदा. कागद पातळ झालाय तिथं."

"दोनदा खोडलाय?" ताता पुढे झुकले. "उजव्या बाजूला का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, मल्लेशमच तो! उजवीकडं आला की हमखास एक चौकोन चुकायचा. मग इतका चिडायचा की पेन्सिलीचं टोक मोडायचं. आम्ही हसायचो नि तो डबा उचलून दुसरीकडं जेवायला बसायचा." आणि ताता हसले, त्या महिन्यात पहिल्यांदा. मल्लेशमची मुलगीही हसू लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

हारिका हसली नाही. त्या एका चौकोनाकडे ती पाहत राहिली. तातांच्या कागदांवर अशा किती खुणा असतील? कुठे चहाचा डाग, कुठे बदललेला विचार, कुठे सोडून दिलेली रेघ. वीस दिवस ते कागद तिच्या हातांखालून गेले होते आणि तिने एकाही कागदाकडे इतक्या जवळून पाहिले नव्हते. आता पाहता येणार नव्हते. ही खंत आपल्याला जन्मभर पुरेल, असे तिला वाटले, आणि ते काही वेळ तिने तसेच वाटू दिले.

"थांबलीस का?" ताता म्हणाले. "अजून जवळ जा की. त्या मोडलेल्या टोकाचा ठिपका उमटला असेल बघ कुठंतरी."

तिने दोन बोटे पडद्यावर ठेवली आणि हळूहळू लांब केली. चित्र मोठे होत गेले. ते फाटले नाही, धुरकटले नाही, आणि कागदाच्या पिवळट धाग्यांमध्ये, चौकोनाच्या जरा बाहेर, शिशाचा एक बारीकसा काळा कण दिसू लागला.